समेवर काहीच नाही

एप्रिल 1977 मध्ये ‘द क्लॅश’ या लंडनच्या बँडचा पहिला अल्बम आला. 14 गाणी, सगळी मिळून जेमतेम 35 मिनिटं. पंकचा तेव्हाचा खाक्याच तसा होता. दोनतीन कॉर्ड, दोनेक मिनिटं, मध्ये श्वास घ्यायचा नाही आणि गाणं संपायच्या आत पुढचं सुरू करायचं. पण या धावपळीत दुसऱ्या बाजूवर एक गाणं तब्बल सहा मिनिटं चालतं, आणि ते बँडचं स्वतःचंही नाही. जमैकाच्या ज्युनियर मर्विनने गायलेलं आणि ली ‘स्क्रॅच’ पेरीने किंग्स्टनमधल्या आपल्या स्टुडिओत 1976 साली घडवलेलं ‘पोलीस अँड थीव्ज’ त्यांनी उचललं होतं. मर्विनचा आवाज कापसासारखा तरंगतो, ज्यो स्ट्रमरचा घसा खरडल्यासारखा. कागदावर ही कल्पना फसायला हवी होती.

ती फसली नाही, याला सांगीतिक कारण आहे. मिक जोन्सने दोन गिटारींमध्ये कामाची वाटणी केली. एक गिटार ठोक्यावर वाजते, दुसरी ठोक्यांच्या मधल्या जागेत. रेगेची हुबेहूब नक्कल करायची तर दोन्ही गिटारी मधल्या जागेतच गेल्या असत्या. तसं न केल्यामुळे गाणं पंकही राहिलं आणि त्यात फटी पडून हवाही खेळली. एका बँडने आपला आवाज कसा रुंदावला याची गोष्ट इथे सुरू होते. पुढच्या चार वर्षांत क्लॅशने त्या फटींमध्ये जे भरलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे भरायचं टाळलं, त्यावर पंकच्या नंतरच्या कितीतरी पिढ्या जगल्या. काही नीट जगल्या, काही नुसत्या उसनवारीवर.

आपल्या कानांना हा फरक तालाच्या भाषेत लवकर कळतो. चार मात्रांचं आवर्तन धरा. रॉकमध्ये पहिल्या मात्रेवर मोठ्या ढोलाचा ठोका पडतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर छोट्या ढोलाचा. पंकने त्यात फक्त वेग ओतला आणि गिटारचा हात सतत वरून खाली आपटत ठेवला. 1960 च्या आसपास जमैकात जो स्का जन्मला, त्याची गंमत गिटारच्या उलट्या फटकाऱ्यात आहे. एक-दोन-तीन-चार मोजताना आकड्यांच्या मध्ये जी ‘आणि’ची जागा येते, तिथे गिटार आणि पियानो टचकन वाजतात, वर ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनची फळी. 1962 मध्ये जमैका स्वतंत्र झाली तेव्हा हीच तिथली नाचायची धून होती. 1966 च्या सुमारास लय संथावली, तिला रॉकस्टेडी म्हणाले, आणि 1968 पर्यंत रेगे आला. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात पहिली मात्रा चक्क मोकळी सोडतात आणि ढोल तिसऱ्या मात्रेवर पडतो. म्हणजे समेवर काहीच नाही. आपल्याकडे समेवर येण्यासाठी गवई अख्खं आवर्तन खर्च करतो आणि श्रोते मान हलवतात. किंग्स्टनच्या वादकांनी ती जागाच रिकामी ठेवली, आणि श्रोत्याचं शरीर ती भरून काढतं. ज्या पंकवाल्याला एक क्षणही रिकामा सोडवत नाही, त्याला शिकायला याहून अवघड गोष्ट नाही.

हे धडे लंडनमध्ये गिरवायला मिळाले ते शहराच्या रचनेमुळे. 1948 नंतर कॅरिबियन बेटांवरून कामगार आले आणि ब्रिक्स्टन, नॉटिंग हिल अशा भागांत राहिले. आपली तबकड्यांची दुकानं आणि आपले साऊंड सिस्टिम, म्हणजे घरी बांधलेल्या स्पीकरच्या भिंती, त्यांनी तिथे उभे केले. क्लॅशचा बास वादक पॉल सिमोनन याच वस्त्यांत वाढला. बँडमध्ये आला तेव्हा त्याला बास वाजवता येत नव्हता, स्वरांची अक्षरं त्याने वाद्याच्या दांडीवर रंगवून ठेवली होती. पण लहानपणापासून त्याने ऐकलं होतं ते बासप्रधान संगीत, त्यामुळे हात कच्चा असला तरी कान तयार होता. 1977 च्या सुरुवातीला कव्हेंट गार्डनमध्ये ‘रॉक्सी’ हा पंकचा अड्डा उघडला. तिथे रेकॉर्ड लावायचं काम डॉन लेट्सकडे होतं, जमैकन आईबापांचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा. पंकच्या तबकड्या तेव्हा इतक्या कमी होत्या की दोन बँडच्या मधल्या वेळात लावायला काही नसायचं. मग लेट्स आपल्या घरच्या डब आणि रेगेच्या तबकड्या लावायचा. एका चळवळीची चव अशी निव्वळ टंचाईतून घडली. जीवघेण्या हल्ल्यातून वाचून त्या वर्षी लंडनमध्ये राहिलेल्या बॉब मार्लीनेही या मैत्रीवर ‘पंकी रेगे पार्टी’ हे गाणं केलं आणि त्यात क्लॅशचं नाव घेतलं.

पण ही गोष्ट नुसत्या मैत्रीची नव्हती. ऑगस्ट 1976 मध्ये नॉटिंग हिल कार्निव्हलच्या वेळी कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल पेटली. स्ट्रमर आणि सिमोनन तिथे होते, आणि त्यातूनच त्यांचं ‘व्हाइट रायट’ आलं. त्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या मंचावरून एरिक क्लॅप्टनने स्थलांतरितांच्या विरोधात भाषण ठोकलं आणि त्याच मताच्या इनॉक पॉवेल या राजकारण्याची तळी उचलली. दोनच वर्षांपूर्वी याच क्लॅप्टनने मार्लीचं ‘आय शॉट द शेरीफ’ गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला होता. गाणं घ्यायचं आणि गाणाऱ्यांच्या लोकांना हाकला म्हणायचं. या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही मोहीम उभी राहिली. 30 एप्रिल 1978 ला पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिचा मोठा जलसा झाला, तिथे क्लॅश आणि ‘स्टील पल्स’ हा रेगे बँड एकाच मंचावर आले. प्रभावाच्या प्रश्नाला नैतिक बाजू असते, ती क्लॅप्टनच्या उदाहरणाने कायमची दाखवून दिली. त्यानंतर कोणत्याही गोऱ्या बँडला रेगे निरागसपणे वाजवता येणार नव्हतं.

क्लॅशचं श्रेय हे की हा अवघडलेपणा त्यांनी लपवला नाही. 1977 च्या अखेरीस स्ट्रमर आणि जोन्स गाणी लिहायला किंग्स्टनला गेले. तिथे त्यांचं कुणी स्वागत केलं नाही. शहरात राजकीय टोळ्यांचा हिंसाचार होता, आणि दोन गोरे पंक जीव मुठीत धरून बहुतेक वेळ हॉटेलातच बसले. परतल्यावर याच फजितीवर त्यांनी ‘सेफ युरोपियन होम’ लिहिलं. त्यात रेगे जवळजवळ नाही, ते भरधाव रॉक आहे. ज्या देशाचं संगीत तुम्ही पूजता, त्याने तुम्हाला दार उघडलं नाही, तर त्या संगीताचा मुखवटा घालून तक्रार गाऊ नये, एवढं भान त्यात दिसतं.

याच्याही पुढचं पाऊल म्हणजे जून 1978 चं ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’. माझ्या मते क्लॅशचं सर्वोत्तम गाणं हेच. स्ट्रमर एका रात्री हॅमरस्मिथच्या नाचघरात जमैकन गायकांचा कार्यक्रम ऐकायला गेला. डोळ्यांसमोर बंडखोर, रस्त्यावरचं रेगे होतं, आणि मंचावर दिसला झगमगाटी, पायांचे ठेके जुळवलेला करमणुकीचा खेळ. हा अपेक्षाभंग म्हणजे खरं तर गोऱ्या रसिकाच्या भाबडेपणाची परीक्षा होती. गरीब काळा माणूस सतत बंडच करत असावा, त्याला चकचकीत सूट घालून नाचायचा हक्क नाही, असं आपण का धरून चाललो, हा प्रश्न गाण्याच्या पोटात आहे. मग गाणं तिथून वळून पंकवाल्यांवर, बंडाचा धंदा करणाऱ्यांवर आणि शेवटी फॅसिस्टांवर येतं. ठेका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत स्का-रेगेचा, संथ आणि मोकळा. ‘पोलीस अँड थीव्ज’मध्ये ते पाहुणे होते. इथे त्यांनी स्वतःचा मजकूर या ठेक्यात लिहिला, आणि ठेक्याने त्यांना किंचाळण्याऐवजी विचार करायला वेळ दिला.

समीक्षक या बदलाचं श्रेय नेहमी स्ट्रमर आणि जोन्सला देतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा ड्रमर टॉपर हेडनचा. 1977 मध्ये तो आला तेव्हा बँडमध्ये सोल आणि जॅझ वाजवलेला तो एकटाच. गिटारवादकाने उलटा फटकारा मारला म्हणून रेगे होत नाही. ढोलवाल्याला पहिली मात्रा सोडता आली पाहिजे, आणि सोडताना ती ढासळू द्यायची नाही. आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की सतारीशेजारी ड्रम सेट मांडून दोघांनाही आपापलं वाजवू देतात. क्लॅशमध्ये ड्रमरची बसण्याची पद्धतच बदलली आणि बाकीच्यांना त्याच्या मागे जावं लागलं.

त्याचं फळ म्हणजे डिसेंबर 1979 चा ‘लंडन कॉलिंग’. दोन तबकड्या, 19 गाणी, किंमत एका तबकडीची. निर्माता गाय स्टीव्हन्स, स्टुडिओ उत्तर लंडनमधला वेसेक्स. ‘रूडी कान्ट फेल’ हे स्काच्या उत्साहात, ब्रासच्या फळीसह, किंग्स्टनच्या टवाळखोर पोरांना केलेला सलाम आहे. ‘राँग एम बॉयो’ हे ‘द रूलर्स’ या जमैकन गटाचं जुनं गाणं. ते अमेरिकी लोककथेतल्या स्टॅगर ली या खुन्याच्या जुन्या चालीत सुरू होतं, मध्येच थांबतं, आणि नव्याने स्कामध्ये चालू होतं. अमेरिकेतली काळी कहाणी जमैकात गेली आणि तिथून लंडनला आली, हा सगळा प्रवास त्या एका थांब्यात ऐकू येतो. आणि ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’. हे सिमोननने लिहिलेलं आणि त्यानेच गायलेलं. गायक म्हणून तो यथातथाच आहे, पण गाणं गळ्यावर उभं नाहीच. बास पुढे, गिटार मागे, मध्ये भलंमोठं अंतर. ब्रिक्स्टनमध्ये दंगल झाली ती एप्रिल 1981 मध्ये, म्हणजे हे गाणं दीड वर्ष आधीचं. पुढे 1990 मध्ये ‘बीट्स इंटरनॅशनल’ने हीच बासची ओळ उचलून इंग्लंडमध्ये पहिला क्रमांक गाठला. अक्षरं रंगवून बास शिकलेल्या माणसासाठी हे वाईट नाही.

यानंतरचा ‘सँडिनिस्टा!’ (डिसेंबर 1980) हा वादाचा विषय आहे आणि राहावा. तीन तबकड्या, 36 गाणी. जमैकन निर्माता मायकी ड्रेड सोबत होता. त्याच्याबरोबर त्यांनी आधी ‘बँकरॉबर’ केलं होतं, जे कंपनीने इंग्लंडमध्ये काढायला सुरुवातीला नकार दिला आणि नंतर 12 व्या क्रमांकापर्यंत गेलं. किंग्स्टनच्या ‘चॅनल वन’ स्टुडिओतही काम झालं, ते अर्धवट टाकून निघावं लागलं. अल्बम स्वस्तात विकता यावा म्हणून बँडने पहिल्या दोन लाख प्रतींवरचं मानधन सोडलं. या उदारपणाचं कौतुक करावं की तीन तबकड्या काढायच्या हट्टाला हसावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. सहावी बाजू बहुतांशी डबच्या प्रयोगांनी भरली आहे. डब म्हणजे तयार गाण्यातून आवाज काढून टाकण्याची कला. किंग टबीसारखे तंत्रज्ञ गायकाला गायब करून बास आणि ढोल तेवढे ठेवत, आणि मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून देत. ती काटछाटीची कला शिकलेल्या बँडने स्वतःच्या अल्बमला मात्र कात्री लावली नाही, ही त्यातली विसंगती. 36 मधली 12 गाणी निवडली तर तो ‘लंडन कॉलिंग’च्या तोडीचा ठरतो. कुठली 12, यावर माझं कुणाशीच एकमत होत नाही. 1982 मध्ये हेडनला काढलं, 1983 मध्ये जोन्सला, आणि गोष्ट खऱ्या अर्थाने तिथे संपली.

क्लॅश एकटे नव्हते. पश्चिम लंडनच्या ‘द रट्स’ बँडचं नाव आपल्याकडे फारसं घेत नाहीत, पण भारतीय वाचकाला त्यांची गोष्ट जवळची वाटेल. साउथहॉल हा तिथलाच पंजाबी वस्तीचा भाग. तिथे जून 1976 मध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. 23 एप्रिल 1979 ला नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाच्या सभेविरुद्ध तिथले लोक रस्त्यावर आले तेव्हा ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला, आणि ‘मिस्टी इन रूट्स’ या रेगे गटाचा क्लॅरेन्स बेकर गंभीर जखमी झाला. रट्सची पहिली तबकडी याच मिस्टी मंडळींच्या ‘पीपल युनाइट’ने काढली होती. त्या दिवसावर रट्सनी ‘जाह वॉर’ केलं. सात मिनिटांच्या आसपासचं, दबलेलं, जवळजवळ डब. पंकने इथे आरडाओरडा केला असता तर कुणी दोष दिला नसता. पण त्यांनी आवाज खाली आणला, म्हणून ते गाणं आजही अंगावर येतं. गायक माल्कम ओवेन 1980 मध्ये गेला नसता तर या लेखात क्लॅशला एवढी जागा मिळाली नसती.

‘द स्लिट्स’ या मुलींच्या बँडने 1979 चा ‘कट’ बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या डेनिस बोव्हेलकडून घडवून घेतला. रेगेला त्यांनी वाकवलं, वाकडं केलं, हसवलं. त्यांच्याइतका मोकळेपणा मला क्लॅशमध्येही सापडत नाही. ‘द पोलीस’चं प्रकरण गुंतागुंतीचं. गोऱ्यांचं गोंडस रेगे म्हणून त्यांना नावं ठेवायची पद्धत आहे, आणि स्टिंगच्या बनावट उच्चारांबद्दल ती रास्तही आहे. पण स्टुअर्ट कोपलँडचा ढोल ऐका. रिकामी मात्रा त्याला हेडनइतकीच, कदाचित जास्त चांगली समजली होती. कान खरा असला की देणं फिटतं, असं मात्र म्हणता येत नाही.

कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्सने 1979 मध्ये ‘टू टोन’ ही कंपनी काढली. त्याचा ‘द स्पेशल्स’ बँड आदल्या वर्षी क्लॅशच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत असे. या मंडळींनी उलट्या बाजूने सुरुवात केली. पंकमध्ये स्का मिसळायचं सोडून त्यांनी मूळ स्का घेतला आणि त्यात पंकचा चिडका वेग भरला. काळे-गोरे वादक एकाच बँडमध्ये होते, त्यामुळे कोण कोणाचं उसनं घेतंय हा प्रश्नच बदलला. जमैकात वाढलेला ट्रॉम्बोनवादक रिको रॉड्रिग्ज प्रत्यक्ष साथीला होता. जुलै 1981 मध्ये इंग्लंडच्या शहरांत दंगली चालू असताना त्यांचं ‘घोस्ट टाउन’ पहिल्या क्रमांकावर होतं.

अमेरिकेत ही धारा उशिरा पोचली. वॉशिंग्टनचा ‘बॅड ब्रेन्स’ हा कृष्णवर्णीय बँड कमालीच्या वेगाचं हार्डकोर आणि शुद्ध रेगे शेजारी शेजारी वाजवी, मिसळत नसे. बर्कलीचा ‘ऑपरेशन आयव्ही’ 1987 ते 1989 एवढाच टिकला, पण त्यातून ‘रॅन्सिड’ आला आणि नव्वदच्या दशकात स्का-पंक म्हणून बाजार उभा राहिला. या लाटेबद्दल मी फारसा हळवा नाही. बहुतेक गाण्यांचा साचा एकच: कडव्यात स्वच्छ उलटा फटकारा, ध्रुवपदात गिटारचा गोंगाट, आणि वर वरातीतल्या बँडबाजासारखी ट्रम्पेट. इथे स्का म्हणजे पुढच्या स्फोटाआधीची विश्रांती. समेवरची मोकळी जागा कुणाला नकोच होती. 1997 मध्ये ‘मायटी मायटी बॉसटोन्स’ रेडिओवर गाजले, पण काही वर्षांतच स्का हा चेष्टेचा विषय झाला. आता तो परतल्यासारखा दिसतो. लॉस एंजेलिसचा ‘द इंटरप्टर्स’ हा बँड साचा तोच ठेवून नीटनेटकी गाणी करतो. जेफ रोझेनस्टॉकने 2021 मध्ये आपला आधीचा पंक अल्बम ‘स्का ड्रीम’ नावाने पुन्हा स्कामध्ये केला. गंमत म्हणून सुरू केलेलं हे काम पहिल्यापेक्षा जास्त श्वास घेतं, कारण गाणी उघडी करताना त्याला शब्दांचा वेग उतरवावा लागला.

इंग्रजीबाहेर पाहिलं तर चित्र जास्त समाधानकारक आहे. बास्क प्रांतातला ‘कोर्ताटू’ हा 1984 चा बँड क्लॅश ऐकूनच वाढला होता. 7 जुलै 1985 ला लेखक होसेबा सार्रिओनांदिया मार्तुतेनेच्या तुरुंगातून पळाला, तो तिथे झालेल्या गाण्याच्या कार्यक्रमानंतर स्पीकरच्या खोक्यात लपून. कोर्ताटूने ‘टूट्स अँड द मेटल्स’च्या एका चालीवर ‘सार्री सार्री’ केलं आणि ते बास्क जत्रांमध्ये लोकगीत झालं. 1988 चा ‘कोल्पेस कोल्पे’ हा त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम पूर्ण बास्क भाषेत आहे. गायक फर्मिन मुगुरुसा स्पॅनिशमध्ये गात सुरुवात करून आपल्या भाषेकडे वळला. दुसऱ्याचा ठेका घेताना स्वतःची भाषा सापडली, असं क्वचित घडतं.

आपल्याकडे दिल्लीचा ‘स्का व्हेंजर्स’ याच वाटेवरचा. उधमसिंगच्या टोपणनावावर त्यांचं ‘फ्रँक ब्राझील’ हे गाणं आहे. त्यांचा गायक तरू दालमिया याने त्याआधी पंजाबातल्या बंतसिंग या दलित गायकाबरोबर ध्वनिमुद्रणं केली, आणि पुढे ‘बीएफआर’ नावाचा साऊंड सिस्टिम बांधून घेतला. गोव्यात 2016 पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव भरू लागला, त्यामागे दिल्लीचेच ‘रेगे राजाज’. महोत्सवात रेगे बहुतेक वेळा समुद्रकिनाऱ्याच्या सुट्टीचं संगीत म्हणून ऐकलं जातं, हे खरं. पण बंतसिंगच्या मुद्रणांत रेगेचा ठेका त्याच्या आवाजामागून चालतो, त्याच्या वाक्याच्या लांबीला वाट देतो, आणि वाक्य संपेपर्यंत थांबतो. इथल्या पंक बँडांनी रेगेकडून शिकायचं असेल तर ‘लंडन कॉलिंग’बरोबर ही मुद्रणंही ऐकावीत, आणि शक्य झालं तर ड्रमरला आधी ऐकवावीत.